मुंबई दर्शनाच्या यादीत विजापूरचा घुमट

ऑफिसच्या कामासाठी बंगळूर-दिल्लीहून आलेल्या सहकाऱ्याला शनिवार मोकळा मिळाला की तो मला हमखास विचारतो, मुंबईत काय बघू? यादी त्याच्या फोनवर आधीच असते. गेटवे, सीएसएमटी, राजाबाई टॉवर, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, हाजी अली. यादीचा अर्थही त्याच्या डोक्यात पक्का असतो. बघण्यासारखं सगळं इंग्रजांनी बांधलं आणि हाजी अली तेवढं ‘तुम लोगों का’.

मला यातलं काहीच पटत नाही.

पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर उभं राहून मान वर करा. जॉर्ज विटेट या वास्तुकाराने त्या घुमटासाठी विजापूरचा गोल घुमट डोळ्यांसमोर ठेवला होता. सीएसएमटीच्या शेजारचं १९१३ साली पूर्ण झालेलं जनरल पोस्ट ऑफिस बघा. जॉन बेग यांच्या त्या इमारतीवरही तोच आदिलशाही घुमट आहे. १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवेची कमान, जाळ्या आणि घुमट विटेटने सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मशिदी-मकबऱ्यांच्या शैलीवरून घेतले. म्हणजे साहेबाला आपलं राज्य मिरवायचं होतं, तेव्हा रूप मात्र त्याने अहमदाबाद आणि विजापूरचं घेतलं.

म्हणून तिथे ‘हे मुसलमानांचं’ अशी पाटी लावा, असं मी म्हणत नाही. गोल घुमट ही मुहम्मद आदिलशाहाची कबर, आणि याच बादशहाच्या दरबारी शहाजीराजे सरदार होते. तो घुमट दक्खनचा आहे, त्यामुळे मराठी माणसाचाही आहे. वाटणी करायची गरजच नाही. ‘इंग्रजांनी बांधलं’ म्हटलं की वाटणी होते, आणि त्यात आपण सगळेच बाहेर पडतो. ज्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी हे दगड घडवले, त्यांचा तर विषयही निघत नाही.

माझं काम डेटाबेसचं. रकान्यात जो प्रकार भरला जातो, तोच पुढे पडद्यावर दिसत राहतो. म्युझियम ‘पर्यटनस्थळ’ आणि क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद फक्त ‘मशीद’ अशी नोंद झाली की बाहेरच्या माणसाचा रस्ता तिथेच वळतो. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद पाण्यावर उभी आहे. पोटात मोठा हौद, त्याला तळातले झरे, पाण्यातून वर येणाऱ्या कमानी, आणि त्यांच्यावर नमाजाची जागा. इंजिनिअरिंगच्या मुलांना पाया शिकवताना इथे आणायला हवं. रमजानमध्ये अख्खी मुंबई मोहम्मद अली रोडवर मालपुवा खायला येते, फोटो काढते आणि परत जाते. हा हौद तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

माहीमचा दर्गाही असाच. मखदूम अली माहिमी पंधराव्या शतकात वारले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा विद्वान याच बेटावरचा. त्यांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांच्या संदलचा असतो. शहराची ओळख सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली?

पण सगळा दोष यादी करणाऱ्यांवर ढकलून चालणार नाही. दारं आपणही लावून घेतली आहेत. यादीतल्या एकमेव ‘आमच्या’ जागेचं, हाजी अलीचं, उदाहरण घ्या. आधी बायका मजारीपर्यंत जात होत्या. मग ट्रस्टने बंदी घातली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाविरोधी ठरवली, ट्रस्टने पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देण्याचं मान्य केलं, आणि नोव्हेंबरअखेर बायका पुन्हा आत गेल्या. जगभरचे पर्यटक ज्या दर्ग्याचे फोटो घेऊन जातात, तिथे आपल्याच आईबहिणींना कोर्टाचा कागद लागला. ही हकिगत मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. काही नातेवाइकांना ते आवडत नाही. घरातली धुणी बाहेर कशाला, म्हणतात. माझ्या मते हाजी अलीबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात अभिमानाची गोष्ट तीच आहे.

मशिदींच्या विश्वस्तांकडे माझं मागणं अगदी साधं आहे. दारावर मराठी, उर्दू, इंग्रजीत एक पाटी लावा: ही वास्तू कधीची, कुणी बांधली, पाहुण्यांनी कोणत्या वेळेला यावं, पादत्राणं कुठे काढावीत. बायकांनी कुठून आत यावं, हेही त्याच पाटीवर त्याच अक्षरात असू द्या. आठवड्यातून एक सकाळ मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींना माहिती सांगायला बसवा, आणि त्याआधी त्यांना एकदा म्युझियम दाखवून आणा. तिथून चार स्टेशनांवर राहणाऱ्या आपल्या किती मुलांनी तो घुमट खालून पाहिलाय?