फाटकावरची फुंक

पाळीचा भोंगा होण्यास पाच-दहा मिनिटांचा अवकाश असता सिमेंट कारखान्याच्या फाटकाशी जी रांग लागते, तिच्यातील कामगाराला हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवण्यापूर्वी अलीकडे आणखी एक विधी उरकावा लागतो. पहारेकरी तळहाताएवढे यंत्र तोंडापुढे धरतो, कामगार त्यात फुंक मारतो, आणि हिरवा दिवा लागला तर तो आत जातो, तांबडा लागला तर रांगेतून बाजूला काढला जातो. एवढ्याशा क्रियेत एका माणसाची त्या दिवसाची मजुरी, गावातील अब्रू आणि प्रसंगी नोकरीही पणाला लागते. आणि असे असूनही या क्रियेचे नियम कोणी ठरवले, कोठे लिहून ठेवले आणि ते कोणाकोणास लागू आहेत, हे रांगेतील दहा माणसांस विचारले असता एकालाही निश्चित सांगता येत नसेल, तर गडचांदूर, आवारपूर, नारंडा आणि उपरवाही अशी सिमेंटची चार ठाणी ज्याच्या एकट्याच्या हद्दीत आहेत, त्या कोरपना तालुक्याने ही गोष्ट किरकोळ मानून चालणार नाही.

तपासणी असावी, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. ज्या भट्टीत चुनखडीचे क्लिंकर होते तेथील उष्णता साडेचौदाशे अंश सेल्सिअसच्या घरात असते. आणि खाणीच्या उतारावरून भरलेला डंपर खाली आणणाऱ्याच्या हातून क्षणभराची चूक झाली, तर तिची किंमत त्याने एकट्यानेच मोजावी असा काही नियम नाही. रेल्वेचा इंजिनचालक गाडीचा ताबा घेण्यापूर्वी फुंक मारतो, वैमानिकाला उड्डाणापूर्वीचे बारा तास मद्य वर्ज्य आहे, एस. टी.च्या आगारांतूनही चालकांची तपासणी होते. तेव्हा कारखान्यातील कामगारानेच तिच्यात आपला अवमान मानावा, असे तिच्या स्वरूपात काही नाही.

या चंद्रपूर जिल्ह्याला दारूचा प्रश्न नवा नाही आणि त्याची सरकारी उत्तरेही त्याने पाहून घेतली आहेत. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या झेंड्याखाली हजारो स्त्रिया दारूबंदीची मागणी घेऊन चिमूरहून पायी नागपूरच्या विधानभवनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. शेजारचा गडचिरोली १९९३ पासून बंदीखाली आहे. परंतु कोरपन्याची एक सीमा तेलंगणाला आणि दुसरी पैनगंगेपलीकडच्या वणीच्या मुलखाला भिडलेली असल्यामुळे येथील बंदीचा अर्थ पुष्कळांपुरता एवढाच होता, की बाटलीला थोडा अधिक प्रवास घडावा. शिवाय मोहाची झाडे कोणत्याही आदेशाने फुलायची थांबत नाहीत, आणि गोंड-कोलामांच्या देवकार्यात मोहाच्या दारूला जे स्थान आहे, ते कोणा व्यवस्थापकाच्या परिपत्रकाने ठरलेले नाही. आमचे म्हणणे इतकेच, की आपल्या घरी, आपल्या सुटीच्या वेळी घेतलेला पेला हा कारखान्याच्या अखत्यारीतील विषय नव्हे. त्या पेल्याचा अंमल कामाच्या जागी उरला आहे काय, एवढेच विचारण्याचा मालकाला अधिकार आहे.

आणि अंमल उरतो, हे मात्र कामगारबंधूंनी नीट ध्यानात घेतले पाहिजे. शरीर मद्याचा निचरा आपल्या ठरल्या चालीने करते. साधारण प्रकृतीच्या माणसात शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला सुमारे पंधरा मिलिग्रॅम, ही ती चाल. लिंबू चोखल्याने, ताक प्याल्याने किंवा गार पाण्याने डोके भिजवल्याने ती वाढत नाही. लग्नाच्या मांडवातून रात्री अकराला उठलेल्या माणसाच्या रक्तात दीडशे मिलिग्रॅम मद्य असेल, तर पहाटे पाचला साठ उरते, म्हणजे मोटार वाहन कायद्याने चालकास घालून दिलेल्या तीस मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या दुप्पट. मधल्या काळात हा मनुष्य झोपलेला असतो, सकाळी उठून त्याने दात घासलेले असतात, चहा घेतलेला असतो, आणि आपण पूर्ण शुद्धीवर आहोत अशी त्याची प्रामाणिक खात्री असते. फाटकावर तांबडा दिवा लागतो तेव्हा यंत्र खोटे बोलले असे त्यास वाटते. ते बहुधा खोटे बोललेले नसते.

बहुधा, हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पोलीस दलात काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये आपले श्वासयंत्र सिद्ध केले, तेव्हापासून आजपर्यंत या यंत्रांचा मूळ आधार एका सरासरीवर उभा आहे. रक्तातील मद्याचे प्रमाण फुप्फुसातून येणाऱ्या श्वासातील प्रमाणाच्या एकवीसशेपट असते, असे गृहीत धरून यंत्र श्वासावरून रक्ताचा आकडा सांगते. पण सरासरी ही सर्वांची असते, रांगेतील तिसऱ्या माणसाची असेलच असे नाही. चांगल्या यंत्रात प्लॅटिनमच्या पत्र्यावर मद्याचे भस्मीकरण होऊन उत्पन्न होणारा विद्युत्प्रवाह मोजला जातो. स्वस्त यंत्रातील संवेदक मात्र मद्य आणि मद्यासारखी अन्य वाफ यांत नीट विवेक करीत नाही, आणि मधुमेहाने गांजलेल्या माणसाच्या श्वासातील ॲसिटोनवरही तो दचकू शकतो. खोकल्याचे औषध, हातावरचे जंतुनाशक, चूळ भरण्याचे द्रावण, यांचा अंश तोंडात असेल तर आकडा क्षणात वर चढतो आणि पंधरा-वीस मिनिटांत आपोआप उतरतो. केरळच्या राज्य परिवहन महामंडळाच्या पंदळम आगारात जुलै २०२५ मध्ये चालकांची तपासणी फसली ती पिकलेल्या फणसामुळे. मद्याला न शिवलेल्या माणसाने गरे खाऊन फुंक मारली आणि यंत्राने त्याला मद्यपी ठरवले. ही हकीकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही, मोहफुलांच्या मुलखात तर नाहीच. म्हणून पहिला तांबडा दिवा लागताच कामगाराला तोंडातला खर्रा थुंकायला लावून, साध्या पाण्याने चूळ भरायला देऊन, पंधरा मिनिटे डोळ्यांसमोर बसवून दुसरी फुंक घेणे, ही मेहेरबानी नसून तपासणीचाच अविभाज्य भाग आहे. आणि ज्या यंत्राचे मापन अखेरचे केव्हा पडताळले याचा दाखला कचेरीत नाही, त्या यंत्राच्या आकड्यास वजनकाट्याच्या चिठ्ठीएवढीही किंमत देता येणार नाही. ट्रकमधील सिमेंट ज्या काट्यावर तोलले जाते तो वेळोवेळी पडताळून घ्यावा लागतो. माणूस ज्यावर तोलला जातो त्याची गोष्ट निराळी का असावी?

कायद्याची स्थितीही मालकवर्ग समजतो तितकी सोपी नाही. मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरील चालकाची श्वासतपासणी करण्याचा अधिकार दिला आहे तो गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास किंवा मोटार वाहन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्यास, कारखान्याच्या पहारेकऱ्यास नव्हे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली रक्ताचा नमुना घ्यावयाचा तर तो नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानेच घ्यावा लागतो, आणि तेथे महत्त्वाचा मानलेला आकडा शेकडा ०.०५ म्हणजे पन्नास मिलिग्रॅम आहे. एका कायद्यात तीस, दुसऱ्यात पन्नास, आणि कित्येक कंपन्यांच्या फलकावर शून्य, असे तीन आकडे एकाच माणसाच्या डोक्यावर टांगलेले आहेत. जुन्या नमुना स्थायी आदेशांत मद्यधुंद वर्तनाला गैरवर्तन म्हटले आहे. पण किती आकड्याला धुंदी म्हणावे, फुंक मारण्यास नकार दिल्यास काय, दुसऱ्या तपासणीचा हक्क कोणास, याविषयी ते अवाक्षर काढीत नाहीत. १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका मोटारचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की तोंडाला वास येत होता, चाल अडखळत होती, बोलणे असंबद्ध होते आणि बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. कारखान्यातील चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडेकोट पुरावा लागत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण म्हणून पहारेकऱ्याच्या नाकाला न्यायासन बहाल करावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आमच्या मते सगळा घोटाळा दोन भिन्न कामे एकाच यंत्राच्या गळ्यात बांधल्यामुळे झाला आहे. माणसाला धोक्याच्या जागेपासून दूर ठेवणे हे एक काम, आणि त्याला शासन करणे हे दुसरे. पहिल्यासाठी संशय पुरेसा आहे आणि पुरेसा असलाच पाहिजे. डंपरच्या चाकाशी बसणाऱ्याबद्दल शंका आली तर पुराव्याची वाट पाहत बसणारा व्यवस्थापक गुन्हेगार ठरेल. दुसऱ्यासाठी मात्र संशय मुळीच पुरेसा नाही. तेथे छापील आकडा, दोन साक्षीदारांच्या सह्या, कामगाराचा स्वतःचा जबाब आणि तो मागेल तर सरकारी रुग्णालयातील रक्ततपासणी, एवढे सोपस्कार झाल्यावाचून त्याच्या सेवापुस्तकावर रेघही उमटू नये. पहिल्या प्रसंगी त्या दिवशीचे काम बंद, घरी सुखरूप पोहोचविण्याची व्यवस्था आणि विषय तेथेच समाप्त, असा शिरस्ता पडला तर कामगार फुंकेला भिणार नाही, आणि न भिणारा कामगारच रात्रीचे जागरण झाल्यावर सकाळी आपण होऊन मुकादमाला सांगेल, की आज मला उंचावर चढवू नका. अशी एक कबुली शंभर यंत्रांपेक्षा अधिक अपघात टाळील.

येथे ठेकेदारी कामगाराची गोष्ट निराळी काढून सांगणे प्राप्त आहे. कायम नोकरीतल्या कामगारामागे संघटना असते, आरोपपत्र असते, चौकशी असते. ठेकेदाराच्या माणसाला आरोपपत्र मिळत नाही. त्याचा गेटपास काढून घेतला जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. तांबड्या दिव्याची नोंद कोठेच राहत नाही, म्हणून ती खोडूनही काढता येत नाही. मुख्य मालकाने फाटकावर यंत्र ठेवले असेल, तर त्या यंत्राने ज्यांचा रोजगार जातो त्यांच्या तक्रारीची तहकिकातही मुख्य मालकानेच केली पाहिजे. ठेकेदाराकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. तीच गोष्ट ट्रक यार्डात दोन-दोन दिवस मालाची वाट पाहत पडून राहणाऱ्या चालकांची. त्यांची तपासणी आत येताना न होता भरलेली गाडी घेऊन बाहेर पडताना झाली, तर राजुरा रस्त्यावरच्या सायकलस्वारांना तिचा अधिक उपयोग होईल. आणि रांग जर सर्वांची आहे, तर ज्या मोटारी पाहून फाटकाचा दांडा आपोआप वर होतो, त्यांच्या काचाही खाली उतरल्या पाहिजेत. ज्याच्या एका सहीने भट्टी चालते किंवा बंद होते, त्याचे डोके शुद्धीवर असणे डंपरचालकाइतकेच अगत्याचे आहे.

नुकसानभरपाईचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण फाटकावरच्या यंत्राचे खरे भय तेथे आहे. अपघात थेट कामगाराच्या मद्याच्या अंमलामुळे घडला असेल, तर मालकाला भरपाईतून मुक्तता देणारी तरतूद १९२३ च्या भरपाई कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती उतरली आहे. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही सबब मालकास सांगता येत नाही. हे दुसरे अर्धे वाक्य कामगारांच्या वस्तीत फारसे कोणाला ठाऊक नसते. नवरा गमावलेल्या बाईला ‘तो प्यायलेला होता’ असे सांगून गप्प बसवणे फार सोपे आहे. तिने गप्प बसण्याचे कायद्याने काही कारण नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये कामाच्या जागेवरील मद्य व अमली पदार्थांविषयी जी आचारसंहिता प्रसिद्ध केली, तिने मद्याच्या आहारी जाणे हा आरोग्याचा प्रश्न मानावा आणि उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवावी, असे म्हटले आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ अभियानाने तालुक्या-तालुक्यांत व्यसन-उपचाराचे दवाखाने चालवून दाखविले आहेत. रोज पिणाऱ्याला फाटकाने एकाएकी शून्यावर आणले, तर त्याचे हात थरथरतात, झोप उडते, आणि यंत्रावर शून्य दाखवणारा तो हात पट्ट्यात अडकण्याचा संभव मद्याच्या हाताहून कमी नसतो. कोरपना तालुक्यातील कारखान्यांनी मिळून असा एक दवाखाना गडचांदुरात उभा करावा. चार यंत्रे कमी घेतली तरी चालतील.

तोपर्यंत कामगारबंधूंना आमचे सांगणे एवढेच आहे: यंत्राचा आकडा मान्य नसेल तर वाद न घालता पंधरा मिनिटांनी दुसरी फुंक मागा, तीही मान्य नसेल तर त्याच तासात लेखी अर्ज देऊन ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासून घ्या, कारण तासागणिक पंधरा मिलिग्रॅम पुरावा शरीरातून नाहीसा होत असतो, आणि त्या अर्जाच्या नकलेवर पोच घेतल्यावाचून फाटकावरून हलू नका.