रिझर्व्ह बँकेला शहर दिसते, वस्ती दिसत नाही

नागपूरच्या संविधान चौकात एकीकडे रिझर्व्ह बँकेची इमारत आहे, तर दुसरीकडे बाबासाहेबांचा पुतळा. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या आणि १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देणाऱ्या महामानवाच्या समाजाला बँकेच्या दारात आज काय मिळते?

१९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७७ च्या नियमाने, बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडणे भाग पडले. १९९० मध्ये हा नियम गेला. २०१७ च्या धोरणाने नव्या केंद्रांपैकी किमान २५ टक्के बँक नसलेल्या ग्रामीण भागात उघडायला सांगितले. पण मोजमाप गावाचे आणि शहराचे! धरमपेठेत शाखांची रांग लागली की सगळे नागपूर ‘बँक असलेले’ ठरते. इंदोरा, पाचपावली, मोमीनपुऱ्याचा वेगळा हिशेब कोण मागतो? खेड्यातही शाखा गावठाणात उघडली की बौद्धवाडा कागदावर आपोआप त्यात येतो.

कोणी म्हणेल, २०१४ च्या जनधन योजनेने घरोघरी खाती उघडली. खरे आहे. पण खाते म्हणजे कर्ज नव्हे. अग्रक्रम क्षेत्रात दुर्बल घटकांसाठी १२ टक्के कर्जाचे लक्ष्य आहे. त्यात अनुसूचित जाती-जमाती, अल्पभूधारक, बचत गट, अल्पसंख्याक असे सारेच आले. अनुसूचित जातींचा वाटा वेगळा ठरलेला नाही. म्हणजे आपल्याला वगळूनही लक्ष्य पूर्ण होऊ शकते!

काही बँका मुस्लिमबहुल भाग ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवून कर्ज टाळतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या अशाच नकाशावर लाल रंगवल्या जात. तिथे १९७७ साली कायदा झाला. बँक ज्या भागातून ठेवी घेते, त्या भागाची कर्जाची गरज भागवते की नाही, हे तपासले जाऊ लागले. आपल्या संविधानात अनुच्छेद ४६ आहे, पण असा कायदा नाही.

तोवर हाती माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज करा आणि सरकारी बँकांना विचारा : आमच्या वस्तीतल्या शाखेत ठेवी किती, कर्जवाटप किती? अनुसूचित जातींचे किती अर्ज मंजूर झाले, किती नाकारले? एका खातेदाराची माहिती गोपनीय असेल, शाखेची बेरीज गोपनीय कशी? उत्तरे घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना जाब विचारा. ठेवी आमच्या आणि कर्ज दुसऱ्यांना, हे आकड्यांत सिद्ध झाले, तर मोर्चा कोणत्या दारावर न्यायचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.