विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला अंगावर पाजता येते का?

ऐन तरुणपणी स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले आणि मग दिवस राहिले. अशा बाईला बाळंतपणाआधीच सल्ला मिळतो, 'पाजायच्या भानगडीत पडू नकोस.' तो घरातून येतो, कधी दवाखान्यातूनही. त्यामागे दोन भीती असतात. आईचा आजार दुधातून बाळाला होईल, ही पहिली. तिला आधार नाही. पाजताना शरीरातील संप्रेरके बदलतात, त्याने आजार उलटेल, ही दुसरी. तिच्याबाबत हाती फारशी आकडेवारीच नव्हती.

नवा अभ्यास काय सांगतो?

'पॉझिटिव्ह' या २० देशांतील अभ्यासात संप्रेरकांवर वाढणारा कर्करोग झालेल्या, ४२ किंवा त्याहून कमी वयाच्या ५१६ महिला होत्या. संप्रेरकरोधक गोळ्या दीड ते अडीच वर्षे घेऊन, मग मुलासाठी त्यांनी त्या जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवल्या. ३१७ जणींना मूल झाले आणि त्यातील १९६ जणींनी, म्हणजे ६२ टक्के मातांनी, बाळाला पाजले. बाळंतपणानंतरच्या दोन वर्षांत पाजणाऱ्यांपैकी ३.६ टक्के, तर न पाजणाऱ्यांपैकी ३.१ टक्के जणींमध्ये कर्करोग पुन्हा आढळला. हा फरक नगण्य आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बार्सिलोना येथील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले.

अर्थात, दोन वर्षे हा छोटा काळ आहे. या प्रकारचा कर्करोग दहा वर्षांनीही परत येऊ शकतो. शिवाय पाजायचे की नाही, हे त्या महिलांनी स्वतः ठरवले होते. त्यामुळे निष्कर्ष दिलासा देणारे असले तरी ती हमी नव्हे.

एका बाजूचे दूध पुरते का?

बहुतेकदा पुरते. फक्त गाठ काढून स्तन राखला, तरी नंतरच्या रेडिएशनने त्या बाजूच्या दुग्धग्रंथी आक्रसतात. तिथे दूध कमी येते किंवा येतच नाही. दुसरी बाजू मात्र शाबूत असते आणि स्तन जितका रिकामा होईल तितके दूध तयार होते. जुळ्यांची आई दोघांना पुरवते, ते याच हिशेबाने. दोन्ही स्तन काढले असतील तर अर्थातच हा प्रश्न उरत नाही.

पाजताना गाठ लागली की या मातांचा जीव टांगणीला लागतो. बहुतेक वेळा ते साकळलेले दूध असते; पण गाठ राहिलीच तर सोनोग्राफी करावी. त्यासाठी पाजणे थांबवावे लागत नाही.

मग अडचण कुठे?

खरी अडचण गोळीची आहे. टॅमॉक्सिफेन सुरू असताना पाजता येत नाही. केमोथेरपी चालू असतानाही नाही. गोळी थांबवल्यावर दिवस राहण्याआधी सुमारे तीन महिने जाऊ द्यावे लागतात. पुढे गर्भ राहायला लागेल तो वेळ आणि गरोदरपणाचे नऊ महिने. दोन वर्षांच्या सुट्टीतून हे वजा केले की पाजायला उरतात ते काही महिनेच. गर्भ राहायला वर्ष लागले, तर तेही नाहीत. म्हणून 'पाजू का?' यापेक्षा 'गोळी कधी सुरू करायची?' हा प्रश्न कर्करोगतज्ज्ञांना प्रसूतीआधीच विचारायला हवा. आपल्याकडे प्रसूतितज्ज्ञ एका रुग्णालयात आणि कर्करोगतज्ज्ञ दुसऱ्या शहरात असतात, तेव्हा नेमके हेच राहून जाते.

दूध नसेल तर?

मुंबईतील शीव रुग्णालयात १९८९ पासून दुग्धपेढी आहे, पण अशा पेढ्यांतील दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना जाते. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्यातील दूध द्यावे लागते. १९९२ च्या कायद्याने बंदी आहे ती या दुधाच्या जाहिरातीवर. आईने ते देण्यावर नाही.