लाजेपायी चुकणारा इशारा

आपल्या घरांत गुडघेदुखी, पित्त, साखर यांवर जेवताना मोकळी चर्चा होते. पण पन्नाशीतल्या पुरुषाला शरीरसंबंधाच्या वेळी पुरेशी ताठरता येत नसेल, तर तो बायकोशीही धड बोलत नाही. 'वय झालं', 'कामाचा ताण' म्हणून विषय मिटतो. चूक होते ती इथेच.

ताठरता हे मुळात रक्तपुरवठ्याचं काम. मेंदूकडून संदेश आला की नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू हे सगळे याच अस्तराची नासाडी करतात. हृदयाच्या धमन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटर रुंद, लिंगाच्या जेमतेम १ ते २. क्षार साचले की बारीक नळी आधी तुंबते, तसंच हे. म्हणून ही तक्रार अनेकदा छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू होते. सावध व्हायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

प्रत्येक वेळी कारण हेच असतं असं नाही. चिंता, नैराश्य, काही औषधं यांनीही असं होतं. तक्रार अचानक आली आणि पहाटेची ताठरता नेहमीसारखी असेल, तर कारण बहुधा मनाचं. हळूहळू वाढत गेली असेल, तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं; हृदयाच्या पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील.

दुकानातून परस्पर गोळी आणणं मात्र धोक्याचं. सिल्डेनाफिल हे औषध आधी हृदयाच्या दुखण्यासाठीच तपासलं जात होतं. १९९८ साली अमेरिकेत त्याला ताठरतेसाठी मान्यता मिळाली. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर ते घेतलं, तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. शिवाय गोळीने तात्पुरतं काम होतं, धमनीतला अडथळा तसाच राहतो.

तिशीतल्या मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. सिगारेट, गुटखा आजच सोडा, रोज अर्धा तास भरभर चाला. बाबांना हा प्रश्न थेट विचारणं जमणार नाही, हे कळतं. त्यांना वार्षिक तपासणीला घेऊन जा आणि डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटं एकटं बसू द्या. तुम्ही बाहेर थांबलात, की कदाचित ते बोलतील.