तीन गुणांचे अंतर



अंतिम सामन्यात खेळाडूंची कसोटी शेवटची शिट्टी वाजताच संपते; पाहणाऱ्याची मात्र तेव्हाच सुरू होते. आपला संघ जिंकला तर आपण हरलेल्याशी कसे बोलतो, आणि हरला तर घरातल्यांशी कसे वागतो, यावरून माणसाची पारख होत असते.

1 मार्च 2024 चा दिवस अनेकांच्या स्मरणात असेल. उपवासकाळातील शुक्रवार होता. त्या रात्री हैदराबादेत गच्चीबावलीच्या क्रीडागृहात प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना रंगला : पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. दोघांपैकी कोणीही तोवर विजेतेपद मिळविले नव्हते. पलटण तर 2022 च्या डिसेंबरात मुंबईत जयपूरकडून 33-29 असा पराभव पत्करून आली होती, आणि तिचा अस्लम इनामदार दुखापतीमुळे त्या सामन्यात उतरूही शकला नव्हता. आता तोच कर्णधार होता.

सामना आरंभापासून अटीतटीचा झाला. दोन्हीकडचा बचाव इतका भक्कम की एकेका गुणासाठी झुंजावे लागे. पूर्वार्ध सरत असताना पंकज मोहिते चढाईस गेला आणि एका दमात चार गुण घेऊन मध्यरेषेवर परतला. एका चढाईत चार गडी! पाहणारे जागच्या जागी उठून उभे राहिले असतील, तर नवल नाही. उत्तरार्धात पलटणने लोण चढविला. तरी हरियाणाने पाठलाग सोडला नाही. अखेरीस फलकावर आकडे राहिले 28-25. अवघ्या तीन गुणांनी पुणे विजयी ठरले.

आता आपल्या सीमाभागातील रसिकाची अडचण पाहा. 1956 पर्यंत बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. आपली मायबोली मराठी, राज्य कर्नाटक, आणि सामना त्या जुन्या राजधानीत. मग ‘आपले’ म्हणावे कोणाला? पलटणचा कर्णधार नगर जिल्ह्याचा. तिचे प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकाचे, बचावाचा खांब मोहम्मदरझा शादलुई इराणचा. बरे, हरियाणा परकी म्हणावी, तर तिच्या बाजूने चढाईला उतरत होते चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई आणि महाराष्ट्राचाच शिवम पटारे. म्हणजे त्या रात्री आपली मुले जिंकली आणि आपलीच मुले हरलीही. हरियाणाच्या नावाने खिदळणाऱ्याने शिवमच्या आईचा क्षणभर विचार केला असता, तर त्याचे हसू ओठांवरच थांबले असते.

पुढे काय घडले, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी 29 डिसेंबरला, रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणादिवशी, पुण्यातील बालेवाडीत अकरावा अंतिम सामना झाला. हरियाणाने पाटण्याचा 32-23 असा पराभव केला आणि आपले पहिले विजेतेपद पलटणच्या गावात जाऊन मिळविले. शिवमने नऊ गुण कमाविले. शादलुई तोवर हरियाणाकडे आला होता. त्याच दिवशी जगभरच्या धर्मप्रांतांत आशेच्या पवित्र वर्षाचा प्रारंभ होत होता!

आणि पलटण? 31 ऑक्टोबर 2025 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येस, ती पुन्हा अंतिम सामन्यात उभी होती. दिल्लीत दबंग दिल्लीने तिला 31-28 असे हरविले. वाचकहो, आकडे नीट पाहा. हैदराबादेत 28 गुणांनी मुकुट दिला आणि दिल्लीत तेवढ्याच 28 गुणांनी तो हिरावला. दोन्ही वेळा अंतर तीनच गुणांचे! एवढ्याशा अंतरावर जो गर्व उभारला जातो, तो किती दिवस टिकायचा?

संत पौल करिंथकरांना लिहिताना क्रीडांगणाचा दाखला देतात. धावणाऱ्यांचा मुकुट कोमेजणारा, आणि भक्तांचा अविनाशी, असा भेद ते दाखवितात; पण धावणाऱ्यांच्या शिस्तीचा मात्र आदरच करतात. आपणही तसेच करावे. मुलांनी जरूर सामने पाहावेत, आरोळ्या ठोकाव्यात, अंगणात रेषा आखून दम घुमवावा. मात्र हरलेल्या संघाच्या चाहत्याला शाळेत वा पाणवठ्यावर चिडवून रडविणे, पैजा लावणे, आपला संघ हरला म्हणून जेवणाचे ताट लोटून देणे, हे ख्रिस्ती घराला शोभत नाही.

एकाच घरात दोन संघांचे चाहते असतील, तर शिट्टी वाजताच जिंकलेल्याने आधी हात पुढे करावा आणि मग सर्वांनी मिळून रात्रीच्या प्रार्थनेला बसावे. पुढच्या वर्षी हात पुढे करण्याची पाळी दुसऱ्याची असू शकेल.