अनिर्णेयता आणि समीक्षेची जबाबदारी

‘अनिर्णेयता’ हा शब्द साहित्यसमीक्षेत आता चांगलाच रुळला आहे. जाक देरिदा यांनी १९७२ मध्ये कुर्ट गोडेल यांच्या १९३१ च्या प्रमेयाचा आधार घेतला, तो केवळ साधर्म्य म्हणून. पुढे हे भान सुटले. संहितेच्या अर्थाचा निर्णय होऊच शकत नाही, हे जणू गणितानेच सिद्ध केले आहे, असे मानले जाऊ लागले. हा समज गणिताला धरून नाही.

अनंत गटांच्या सिद्धांतात तर हा प्रश्न शब्दांचाच आहे. मोजक्या मूळ क्रिया ही तेथील अक्षरे; त्या एकापुढे एक मांडल्या की शब्द होतो. निराळे दिसणारे दोन शब्द एकच कार्य करतात काय, हे ठरविणारी निश्चित रीत आहे काय, असा प्रश्न माक्स डेन यांनी १९११ मध्ये विचारला. मोजक्याच नियमांनी बांधलेल्या काही गटांत सर्व शब्दांना पुरी पडणारी अशी एक रीत असूच शकत नाही, हे प्योत्र नोविकोव्ह यांनी १९५५ मध्ये दाखविले. परंतु तेथेही प्रत्येक शब्दजोडीचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे ठरलेलेच असते. अभाव आहे तो सर्व कुलपांना लागणाऱ्या किल्लीचा, उत्तराचा नव्हे.

शिवाय, शब्दाकडे अक्षरांची नुसती रांग म्हणून न पाहता त्याचे कार्य पाहिले, की कित्येक गटांत निर्णय शक्य होतो. हीच गतिकीय दृष्टी. रोस्तिस्लाव ग्रिगोर्चुक यांनी १९८० मध्ये रचलेल्या गटातील चार अक्षरे ० आणि १ यांच्या अनंत मालिकांवर कार्य करतात. एक अक्षर पहिला अंक उलटविते. उरलेली तीन त्याला न स्पर्शता पुढील अंकांवर काम करतात. दोन शब्दांची तुलना करायची, तर एकापुढे दुसऱ्याचा व्यस्त जोडावा आणि तयार झालेला शब्द काहीच करीत नाही ना, हे पाहावे. त्यात उलटविणारे अक्षर विषम वेळा असेल, तर उत्तर तत्काळ ‘नाही’ असे मिळते. सम वेळा असेल, तर त्यातून सुमारे निम्म्या लांबीचे दोन शब्द निघतात आणि तोच प्रश्न त्यांना विचारता येतो. शब्द आखूड होत जातात व अखेर निर्णय हाती येतो.

ही दृष्टीही सर्वसमर्थ नाही. स्वयंचलित यंत्रांच्या नियमांनी घडलेल्या अशाच गटांत, एखादा शब्द पुनःपुन्हा योजल्यास सारे कधी मूळपदाला येईल काय, हे ठरविणारी सर्वसाधारण रीत नाही, असे पियर जिलिबेर यांनी २०१८ मध्ये सिद्ध केले. मर्यादा आणि सामर्थ्य यांची अशी काटेकोर आखणी हाच या शास्त्राचा खरा धडा होय.

गणिताची प्रमेये साहित्याला लागू पडत नाहीत, हे उघडच आहे. गटातील प्रत्येक शब्दाला व्यस्त असतो. काव्यातील उच्चार मात्र पुसता येत नाही. तरीही परिभाषा उसनी घ्यायची, तर तिच्या अटींसह घ्यावी. कंबन आणि एकनाथ यांच्या रामकथांची तुलना करणारे कोणतेही सार्वत्रिक सूत्र नाही. म्हणून तुलनाच व्यर्थ, असे ठरत नाही. ती कथा कोणत्या श्रोत्यांपुढे, कोणत्या छंदात, कोणते कार्य करते, हे प्रसंगी पाहून निर्णय द्यावाच लागतो. सर्वांसाठी एक रीत नसणे ही समीक्षकाला मिळालेली सुटी नव्हे. ती त्याच्यावर पडलेली जबाबदारी आहे.