सही करण्याआधी वाचायला हवं

अमेरिकेतल्या मराठी घरांत ‘आमची डेट करंट झाली’, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेत नंबर लागला, ही बातमी पेढे वाटावेत तशी सांगितली जाते. का नाही सांगणार? नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांपैकी साधारण सात टक्क्यांहून जास्त कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांच्याही पुढे जाते. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको त्याच्या जोडीदार म्हणून एच-४वर आणि दोघांचे डोळे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनकडे. तारीख लागली की कागद गोळा करायची धावपळ सुरू होते.

नवऱ्याचे बरेचसे कागद कंपनीच्या वकिलाकडे आधीच असतात. अडतं ते बहुतेकदा बायकोच्या जन्मदाखल्यापाशी. माझ्या भाचीचंही तिथंच अडलं. नगरपालिकेच्या जुन्या रजिस्टरात तिची नोंद सापडली. तारीख बरोबर, आईवडिलांची नावं बरोबर, फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा. नोंद बारशाआधी व्हायची आणि नाव घालायला पुन्हा कुणी फिरकायचं नाही. कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लावलेली १ जून ही जन्मतारीख असते, कुणाचं लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. हे सगळे कागद एकाच बाईचे आहेत हे परक्या अधिकाऱ्यानं कशावरून ओळखावं?

भाचीच्या दाखल्यात नाव घालून घेतलं. नाव इतक्या उशिरा घातल्यामुळे शंका नको, म्हणून वकिलानं जन्माची माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रंही मागितली. तिच्या थोरल्या काकू नोटरीसमोर बसल्या, मजकूर मोठ्यानं वाचून घेतला, एक तारीख खटकली ती दुरुस्त करायला लावली. ‘मी रात्रभर दवाखान्यात होते हे लिहिलंय ना?’ एवढं विचारलं आणि मगच सावकाश सही केली.

त्याच आठवड्यात भाचीनं तिकडे ग्रीनकार्डासाठीच्या आय-४८५ या अर्जावर नवऱ्यानं दाखवलं तिथं सही केली. आत काय भरलंय हे तिनं पाहिलंच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं. ती शिकलेली आहे, नवरा सज्जन आहे, प्रश्न अविश्वासाचा नाहीच. पण तो अर्ज तिचा आहे. जोडीदाराला स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो, स्वतंत्र फी भरावी लागते (एप्रिल २०२४पासून ती मोठ्या माणसाला १,४४० डॉलर आहे), बोटांचे ठसे तिचेच, वैद्यकीय तपासणी तिचीच. ‘वरील माहिती खरी आहे’ ही शपथही तिच्याच नावावर. मुलाखतीला बोलावलं तर उत्तरं तिलाच द्यायची आहेत.

आणि तिचा हक्क मात्र नवऱ्याच्या अर्जाला बांधलेला. ग्रीनकार्ड हाती पडण्याआधी घटस्फोट झाला, तर त्या नात्यावर उभा असलेला तिचा अर्ज कोसळतो. फेब्रुवारी २०१७मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ इथं श्रीनिवास कुचिभोटला यांची वंशद्वेषातून हत्या झाली. त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला अंत्यसंस्कारासाठी भारतात आल्या, तेव्हा परत जाता येईल का हाच प्रश्न उभा राहिला. तिथं राहण्याचा त्यांचा परवाना पतीच्या व्हिसावर होता. पुढे एका अमेरिकी खासदाराच्या मदतीनं मार्ग निघाला. दुःखाच्या त्या दिवसांत बाईला आपल्या कागदांची चिंता करावी लागणं क्रूर आहे, असं मला आजही वाटतं.

जोडीदार गेल्यावरही काही अटींवर अर्ज पुढे चालू ठेवण्याची सोय २००९च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं झाली आहे. पण ती वापरायची तर मूळ अर्जाचा पावती क्रमांक हवा, कंपनीनं केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल तर त्याची प्रत हवी, प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेतली आपली तारीख माहीत हवी. हे सगळं नवऱ्याच्या ऑफिसच्या मेलमध्ये असेल तर बाई कुठं शोधणार? भाचीला मी हेच सांगितलं. वकिलाच्या प्रत्येक मेलमध्ये तुझाही पत्ता घालायला सांग, भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागून घे आणि पहिल्या पानापासून वाच. तिनं त्याच रात्री वाचायला घेतला. आईच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं. अर्ज अजून वकिलाकडेच होता, त्यामुळे ते सुधारून मगच पाठवला.